सोफा वर गेला की

"तिरपं कर! अरे, तिरपं कर! तिरपं केल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही दारातून आत जात नाही!"

हा आवाज बाबांचा. बाबांची नोकरी बदलीची, त्यामुळे आपल्या गोष्टीतल्या लिफ्टवाल्याच्या लहानपणी घरं अशी बदलायची जशी इतरांच्या घरी उशांचे अभ्रे बदलतात. प्रत्येक नव्या उंबऱ्यावर कपाट अडायचं, आणि बाबा कमरेवर हात ठेवून, मान मागे टाकून गर्जायचे. त्यांच्या गर्जनेआधी आई नेहमी काहीतरी काम काढायची. "अहो, गाडीवाल्याशी जरा बोलून या ना," नाहीतर "पाण्याची टाकी कुठे आहे ते बघून या." बाबा जायचे, बघून यायचे, हमालांना बाजूला सारायचे, गर्जायचे, आणि मघापासून अडून बसलेलं कपाट गोठ्यात शिरणाऱ्या गाईसारखं निमूट आत जायचं. बाबा मग मिशीवरून हात फिरवायचे. आई पिशवी उचलून स्वैपाकघराकडे वळायची. तिच्या त्या पिशवीत चालताना काहीतरी लोखंडी वाजायचं, पण आईच्या पिशवीत काय नसतं, म्हणून कुणी कधी डोकावलं नाही.

ज्या मुलाने हे डोळे भरून पाहिलं, त्याची पक्की खात्री झाली, की बाबा ओरडले की दारं मोठी होतात. वय वाढलं, केस विरळ झाले, पण ही खात्री काही विरळली नाही. पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

लिफ्टवाला हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. ते नाव त्याला नव्या इमारतीने दिलं, आणि तेही चिडून. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याची जुनी नोकरी; तिथूनच बदली घेऊन तो ह्या परक्या शहरात आला, आणि राहायला घर घेतलं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. "लिफ्टवाले, तुमच्या कंपनीला आमची इमारत दिसत नाही का हो?" हे पहिल्याच दिवशी त्याला जिन्यात ऐकवण्यात आलं.

आधीचं शहर का सोडलं, त्यात फार शिरायला नको. दोन माणसं एकमेकांशी फारच समजुतीने वागायला लागली, की समजावं, सामान वाटायची वेळ आली. लग्न दरवर्षी 'पुढच्या वर्षी' होतं. ह्या वर्षी ते पुढच्या वर्षीही राहिलं नाही. भांडी तिच्याकडे गेली, पुस्तकं निम्मी-निम्मी झाली, कुंड्या तिच्याकडे गेल्या, कारण त्याच्या हाती त्या जगल्या नसत्या. उरला सोफा. निळा, लांबलचक, खाली जमिनीपर्यंत तिने स्वतः शिवलेली झालर.

"सोफा तू घे," ती म्हणाली.

"नको, तू घे."

"अरे, घे ना. पण तिकडे तुला तो ठेवायला जागा मिळेल का?"

झालं! माणूस प्रेमभंग सोसतो, पण आपल्या भावी घराच्या आकाराविषयी शंका सोसत नाही. "जागा मिळेल का म्हणजे? ऐसपैस घर घेतोय मी!" असं तो बोलून गेला, आणि ऐसपैस शब्दाची किंमत पुढे पाठीच्या कण्याने मोजली. कारण ऐसपैस घर म्हणजे एक खोली, तिला चिकटून ओटा, आणि एक खिडकी; तीही अशी, की उघडली तर शेजारच्या गच्चीवरचे कपडे आत येऊन हात मिळवत.

सामानाची गाडी आली. खोकी वर गेली, गादी गेली, टेबल गेलं. मग हमालांनी सोफा उचलला. पहिला मजला ठीक, दुसरा मजला ठीक. दुसऱ्याच्या वरच्या वळणावर सोफा किंचित थबकला. हमाल म्हणाला, "साहेब, जरा थांबा, अंदाज घेऊ द्या." पण लिफ्टवाल्याच्या अंगात त्या क्षणी बाबा संचारले. कमरेवर हात गेले, मान मागे गेली.

"तिरपं करा! अहो, तिरपं करा!"

हमालांनी तिरपं केलं. सोफ्याचं एक टोक कठड्यात घुसलं, दुसरं भिंतीला भिडलं, आतून 'कट्ट' असा आवाज आला, आणि तो बसला. बसला म्हणजे असा, की पुढे ढकलला तर जिना कण्हायचा आणि मागे ओढला तर भिंत. हमालांनी घाम पुसला, सोफ्याकडे पाहिलं, लिफ्टवाल्याकडे पाहिलं.

"आता हा इथलाच झाला, साहेब," असं म्हणून ते गेले.

आवाज ऐकून सगळ्यात आधी अवतरले सेक्रेटरी. भूमितीचे निवृत्त शिक्षक. इमारतीचा कारभार ते प्रमेयासारखा चालवत. त्यांनी चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि म्हणाले, "हे शक्यच नाही. ह्या लांबीची वस्तू ह्या कोनात इथपर्यंत येऊच शकत नाही."

"आलीय खरी," लिफ्टवाला म्हणाला.

"आली असली तरी शक्य नाही," सेक्रेटरी ठामपणे म्हणाले, आणि सूचना लिहायला निघून गेले.

त्यानंतर आल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकूंचे गुडघे सगळ्या इमारतीला पाठ होते. कोणता कधी दुखतो, कोणता कधी कुरकुरतो, ह्याची खबर पोरंबाळं देत. भाजीची पिशवी घेऊन त्या एकेक पायरी देवाचं नाव घेत चढत होत्या. वळणावर त्यांना सोफा दिसला. त्यांनी काही विचारलं नाही. वळल्या, बसल्या, पाय पसरले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अगं बाई! कुणा पुण्यवंताचं काम हे?"

"माझं," लिफ्टवाला ओशाळून म्हणाला. "अडकलाय तो. आज-उद्या काढतो."

"काढायची काय घाई आहे?" काकूंनी एक डोळा उघडून त्याला नीट निरखलं. "पण एवढा मोठा सोफा, आणि तू एकटाच?"

इथे लिफ्टवाल्याच्या नोकरीविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. कंपनीत त्याचं काम फोनवर बसायचं. कुठे लिफ्ट अडकली, की आतला माणूस जो फोन करतो, तो ह्याला येतो. त्या कामाची एक रीत आहे, आणि ती त्याला पहिल्याच दिवशी घोकवून घेतली होती. अडकलेल्या माणसाला वेळ सांगायची नाही. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. एकच वाक्य, तेही गोड आवाजात: "काळजी करू नका, माणूस निघालाय." माणूस अजून कपाटातली हत्यारं शोधत असला तरी निघालाय. चहाचा कप हातात असला तरी निघालाय. ह्या वाक्याने रडणारी माणसं शांत होतात, भांडणारी जोडपी लिफ्टमध्येच समेट करतात. लिफ्टवाल्याचा आवाज तर असा मऊ, की सुटका झाल्यावर काहीजण परत फोन करून विचारत, "मघाशी बोलले ते कुठे आहेत?"

तर काकूंनी विचारलं, "तू एकटाच?" आणि सवयीने, अगदी कामावरच्या आवाजात, त्याच्या तोंडून निघून गेलं:

"नाही नाही, ती येतेय ना. निघेलच."

काकूंचा चेहरा उजळला. "अस्सं! मग कधी?"

"सोफा वर गेला की."

संध्याकाळी आईचा फोन आला. "पोचलास ना रे, राजा? आणि ती कधी येतेय?" आईवडिलांनाही त्याने काही सांगितलेलं नव्हतं. आईला ती फार आवडायची. दोघी फोनवर बोलू लागल्या की ह्याला आपणच जावई आहोत असं वाटायचं. त्याने घसा खाकरला. "सोफा अडकलाय गं जिन्यात. सोफा वर गेला की येईल."

मागून बाबांचा आवाज आला, "तिरपं केलंस का म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'जिन्यात फर्निचर अडकवण्यास सक्त मनाई आहे.' जणू इमारतीतले इतर लोकही आपापलं फर्निचर घेऊन रांगेत उभे होते.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्यांनी साबण लावायला सांगितला. साबण लावला, सोफा हलला नाही, पायऱ्यांवरून मात्र दोघंजण घसरले, आणि त्यातले एक स्वतः साबणवाले. समोरच्यांनी सुचवलं, कठडा काढा. सेक्रेटरी म्हणाले, कठडा इमारतीच्या सामाईक मालकीचा, त्याला सर्वसाधारण सभा लागेल. सभा जिन्यातच भरली. बसायला सोफा होता, त्यामुळे उपस्थिती विक्रमी झाली, आणि विषय लिफ्ट, पाणी, कबुतरं असा फिरत राहून कठड्याचं नावही निघालं नाही. सेक्रेटरींनी भिंतीवर खडूने वळणाची आकृती काढली. तीत कोन होते, बाण होते, एक वर्तुळही होतं. "हे वर्तुळ कशाचं?" कुणीतरी विचारलं. "ते काकूंचं," सेक्रेटरी म्हणाले. "त्या उठत नाहीत, म्हणून स्थिरांक धरलंय."

सोफा काही तिरपा झाला नाही, माणसं झाली. जाता-येता सगळी इमारत पोट आत घेऊन, खांदा पुढे काढून त्याच्या कडेने सरकू लागली. आणि सरकता सरकता टेकूही लागली. वर्षानुवर्षं एकमेकांना फक्त पाठमोरे ओळखणारे शेजारी आता समोरासमोर बसले. कुणाचं वर्तमानपत्र तिथे उलगडलं, कुणाच्या शेंगा तिथे निवडल्या गेल्या. काकूंना जुन्या बायकांसारखं जुळवून म्हणायची खोड. त्या पाठ टेकून गुणगुणत:

"अडला गं बाई सोफा जिन्याच्या वळणाला,
कुणी धाडा गं निरोप सोफ्याच्या मालकिणीला."

सगळे हसत. लिफ्टवालाही हसे, आणि पोट आत घेऊन वर निघून जाई.

सूचनाही हळूहळू पालटल्या. 'सोफ्यावर चपला घालून पाय ठेवू नयेत.' मग, 'सोफ्यावर ओल्या छत्र्या ठेवणाऱ्यांची गय केली जाणार नाही.' एके सकाळी तर सेक्रेटरी स्वतः ब्रशने झालर झटकताना सापडले. "सामाईक जागेत आहे, म्हणजे थोडी जबाबदारी येतेच," असं ते भिंतीकडे बघून म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण लोक चांगले निघाले, हा मोठा घोटाळा झाला. सुनबाई येणार म्हणून काकूंनी त्याचा ओटा घासून दिला, आणि एका बरणीत आपल्या कुंडीतली फांदी लावून दिली. "तिला झाडं आवडतात म्हणालास ना?" सेक्रेटरींनी दारावर नावाची पाटी लावली, तीत त्याच्या नावाशेजारी रिकामी जागा सोडली. "नंतर रंगवून घेऊ. अक्षरं किती आहेत तेवढं सांगून ठेवा." लिफ्टवाला कामावरून आला, की त्या रिकाम्या जागेशी नजर न मिळवता कुलूप उघडायचा.

खरं सांगायचं तर आता सोफा निघाला नाही तर बरं, असं त्याला मनातून वाटू लागलं होतं. सोफा अडकलेला आहे तोवर ती 'यायची' आहे. एकदा का तो वर गेला, की तिचं न येणं उघड्यावर पडणार, सगळ्या इमारतीसमोर, आणि त्याहून अवघड म्हणजे आईसमोर. म्हणून सुतार आला तेव्हा त्याची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. सुताराने सोफ्याभोवती मान वाकडी करून एक फेरी मारली, करवत काढली आणि म्हणाला, "मधून कापतो. दोन होतील. वर नेऊन जोडून देतो."

"कापायचं नाही!" लिफ्टवाला ओरडला. एवढा, की काकू सोफ्यावरून दचकून उठल्या, जी घटना स्थिरांकाच्या व्याख्येत बसत नव्हती.

"मग राहू द्या असाच," सुतार म्हणाला.

"कापायचा नाही. तिला... तिला आवडणार नाही."

सुतार करवत गुंडाळून गेला. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "किती जीव आहे रे तुझा तिच्यावर!" त्या रात्री लिफ्टवाल्याला जेवण गेलं नाही.

आणि मग, कुणालाही न विचारता, आई-बाबा आले.

"फोनवरून तिरपं होत नसतं," बाबा खालूनच गर्जले. "समोर उभं राहावं लागतं!"

सुट्टीचा दिवस. सगळी इमारत जिन्यात जमलेली. बाबांनी अस्तन्या सरसावल्या. सेक्रेटरींनी त्यांना आकृती समजावून सांगितली. बाबांनी ती ऐकल्यासारखं केलं. दोन खमके शेजारी वरून, दोन खालून, लिफ्टवाला मध्ये. काकूंना मोठ्या मिनतवारीने उठवून पायरीवर बसवण्यात आलं. बाबांच्या कमरेवर हात गेले. तोच आवेश, तीच मान.

"तिरपं करा!"

काही नाही.

"अजून तिरपं! डावीकडून! अहो, तुमची डावी, माझी नव्हे!"

सोफा करकरला आणि गप्प बसला. बाबा पुन्हा ओरडले. त्यांचा आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता, मधेच फाटत होता. कपाळावर घाम आला. तरी ते ओरडतच राहिले, आणि लिफ्टवाल्याला एकाएकी वाटलं, दारं मोठी होत नाहीयेत. बाबाच लहान होतायत.

एका बाजूला उभी असलेली आई पुढे झाली. "अहो, जरा खाली जाऊन गाडीवाल्याशी..."

"कुठली गाडी? बसने आलोय आपण!"

"मग पाण्याची टाकी कुठे आहे ते..."

"मी आज इथून हलणार नाही!" बाबा कठडा धरून उभे राहिले. "ह्याची होणारी बायको यायची खोळंबलीय. सोफा वर गेल्याशिवाय मी पाणीसुद्धा पिणार नाही!"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग जमलेल्या इमारतीकडे. मग पिशवीत हात घातला, आणि आतून एक जुना, झिजून चकाकणारा पाना काढला.

"पाय काढावे लागतात आधी," ती हळूच म्हणाली.

"कुणाचे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सोफ्याचे." ती खाली बसली, झालर वर केली. आत चार लाकडी पाय होते, त्यातला एक कठड्याच्या गजांत नेमका घुसून बसला होता. त्या झालरीखाली पाय असतील हे भूमितीला सुचलं नव्हतं, सभेला सुचलं नव्हतं, आणि करवतीला तर सुचणारच नव्हतं. आईने पाना लावला, दोन पिळे दिले.

बाबांना काहीतरी उमगू लागलं होतं. "म्हणजे... त्या कपाटाचे?"

"हो."

"आणि पलंगाचे? गोल टेबलाचे?"

"सगळ्यांचेच. तुम्ही टाकी बघायला गेलात, की मी काढून पिशवीत टाकायची. तुमच्या तिरप्याने आजवर आपल्या घरात काहीसुद्धा आलेलं नाही हो." मग बाबांचा चेहरा बघून तिने पाना मांडीवर ठेवला. "सांगणार होते मी. पहिल्याच घरात सांगणार होते. पण कपाट आत गेल्यावर तुम्ही असे हसलात, की म्हटलं, राहू दे. पुढच्या घरी सांगू. मग पुढचं घर आलं, आणि तुम्ही पुन्हा हसलात."

बाबा मिशीवरून हात फिरवायला गेले, तो अर्ध्यातच राहिला.

पाय निघाल्यावर सोफा वर गेला. कसा म्हणाल, तर पाळण्यातलं मूल कडेवर यावं तसा. खोलीत शिरला आणि खोली संपली. दार जेमतेम अर्धं उघडे, ओट्यापाशी जायला सोफ्यावरून जावं लागे. तरी सगळे हौसेने आत शिरले. आईने पाय पुन्हा बसवले. काकू मधोमध विराजमान झाल्या. सेक्रेटरी हातावर टेकले, म्हणजे सोफ्याच्या. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे, शेजारच्या गच्चीवरच्या टॉवेलाशी मूक संवाद करत.

"चला!" काकू म्हणाल्या. "आता लाव तिला फोन. विचार, कुठवर आलीय."

"आणि अक्षरं किती तेही विचारा," सेक्रेटरी म्हणाले.

लिफ्टवाल्याने घसा खाकरला. वाक्य जिभेवर तयार होतं, मऊ, गोड, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं. काळजी करू नका, निघालीय. त्याने आईकडे पाहिलं. ती पाना पुसून पिशवीत ठेवत होती. एवढ्या घरांतून वागवलेलं ओझं उतरलेल्या बाईसारखी, थोडी हलकी, थोडी भ्यालेली. आणि ते गुळगुळीत वाक्य त्याच्या घशात आडवं झालं. तिरपंही होईना.

"कुणी निघालेलं नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ती येणार नाही. आमचं मोडलं. इथे यायच्या आधीच. सोफा तिने दिलाय, आणि मला तो... मला तो घरात बघवतही नाही." फोनवर हजारदा दिलासा दिलेला त्याचा आवाज पहिल्यांदाच कामावरचा राहिला नाही. "आई, मी सांगणार होतो गं."

"पुढच्या घरी," आई म्हणाली. आणि जागा नव्हतीच, तरी त्याच्याजवळ सरकून बसली.

बरणीतल्या फांदीला नवं पान फुटलं होतं, ते तेवढं वाऱ्याने हलत होतं. सेक्रेटरी चष्मा पुसत पुटपुटले, "पाटीवरची ती मोकळी जागा तशीही शोभून दिसते."

आणि मग काकूंचा संताप अनावर झाला.

"अरे मेल्या! येणारच नव्हती तर हे धूड वर कशाला आणलंस? माझे गुडघे आता टेकणार कुठे?"

पहिलं हसू आईचं फुटलं. मग सेक्रेटरींचं, मग दारात उभ्या शेजाऱ्यांचं, आणि शेवटी, नाक ओढत, लिफ्टवाल्याचं. हसता हसताच तो म्हणाला, "काकू, तुमचाच तो. मला एक खुर्ची पुरे." सेक्रेटरींनी तिथल्या तिथे सिद्ध केलं, की वळणाच्या वर, जिन्यातल्या खिडकीखालच्या मोकळ्या जागेत भिंतीला समांतर ठेवल्यास वाट अडत नाही, आणि सूचना आपण सोफ्याच्या बाजूने लिहू. शेजारी पुन्हा अस्तन्या सरसावून उभे राहिले. वरचे दोन वर, खालचे दोन खाली.

सगळ्यांचे डोळे खिडकीशी उभ्या बाबांकडे वळले. कारण सोफा उचलायचा, तर कुणीतरी ओरडायला हवंच.

बाबा सावकाश मागे फिरले. हात आपोआप कमरेवर गेले. मान मागे गेली. छाती भरून आली.

"ति..."

ते थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने घाईघाईने दुसरीकडे पाहिलं, आणि पिशवीत काहीतरी लोखंडी वाजलं.

बाबांनी एकदा मिशीवरून हात फिरवला, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा, पूर्वीच्याच खणखणीत आवाजात गर्जले:

"आधी पाय काढा!"